चव्हाट्यावरची दोरी

“ताई, मला लिहिता येत नाही. मी सांगते, तुम्ही लिहा.”

एका मोठ्या संस्थेच्या तळमजल्यावरच्या व्हरांड्यात दोन खांबांच्या मध्ये आम्ही दोरी ताणून बांधली होती. दोरीला लाकडी चिमटे, खाली स्टुलावर गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि चार पेनं. सकाळपासून बायका येत होत्या, वाचत होत्या, पुढे जात होत्या. ही बाई तिथल्या फरशा पुसणारी. दोनदा आमच्यासमोरून बादली घेऊन गेली, तिसऱ्यांदा थांबली.

चिठ्ठीवर अर्धं वाक्य छापलेलं होतं, ‘अंधारात एकटी चालताना मी…’ ते मी तिला वाचून दाखवलं. तिला विचार करायला वेळ लागला नाही. म्हणाली, “जिन्यातला दिवा गेलेला असला की मी बादली कठड्यावर आपटत चढते. वर कोणी उभं असलं तर त्याला कळू दे, मी येतेय ते.” लिहून झाल्यावर तिनं ते मला वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, “रिकामी बादली लिहा. भरलेली आपटली तर पाणी सांडेल, मग परत मलाच पुसावं लागेल.” मी ‘रिकामी’ हा शब्द वर घातला. तिनं स्वतःच्या हातानं ती चिठ्ठी चिमट्यात अडकवली आणि कामाला निघून गेली.

बायकांनी रस्त्यावर, चौकात, मैदानात केलेल्या कलेबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. दर वेळी सुरुवात कुठून करावी ते सुचत नसे. आता या बादलीपासूनच करते.

दोरीची कल्पना माझी नाही. ती मेक्सिकोच्या मोनिका मायेरची. १९७८ साली, जेमतेम चोविशीची असताना, तिनं मेक्सिको शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयात ‘एल तेन्देदेरो’ मांडलं. तेन्देदेरो म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या थरांतल्या आठशे बायकांना तिनं एक वाक्य पूर्ण करायला दिलं होतं. ‘बाई म्हणून या शहरातली मला सर्वांत नकोशी वाटणारी गोष्ट म्हणजे…’ उत्तरं छोट्या गुलाबी कागदांवर लिहून घेतली आणि चिमट्यांनी टांगली. बहुतेक कागदांवर एकच गोष्ट फिरून फिरून येत होती, ती म्हणजे रस्त्यातला आणि बसमधला त्रास. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायकांनी, कोणी सांगितलेलं नसताना, आपापले शेरे त्यात जोडायला सुरुवात केली.

मी नाटकांची वेशभूषा सांभाळते. कपडे, दोऱ्या, चिमटे, इस्त्री यांतच माझा दिवस जातो. त्या कामाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ नुसते चिमटेच पाहत बसले होते. प्रयोगानंतर घामेजलेले कपडे वाळत घालायला जे हातात असतं, त्यानंच एका बाईनं आठशे जणींचं मनातलं संग्रहालयात नेऊन टांगलं होतं. त्याला कला म्हणावं की चळवळ, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला त्यातली कारागिरी दिसते. ती आहे त्या अर्ध्या वाक्यात.

हे मला चूक केल्यावर कळलं. पहिल्या दिवशी आमच्या चिठ्ठीवर थेट प्रश्न होता, ‘तुमच्यावर कधी लैंगिक अत्याचार झाला आहे का?’ सकाळभर दोरी रिकामी. एक मुलगी वाचून झटकन मागे सरली, जणू कोणी तिच्या अंगावर दिवा मारला. हो म्हटलं तर कबुलीजबाब, नाही म्हटलं तर खोटं. असा प्रश्न पोलीस चौकीतला असतो. दुपारी आम्ही तिघी बसलो आणि मायेरचं वाक्य परत वाचलं. तिनं ‘काय झालं’ असं विचारलंच नव्हतं. शहराबद्दल विचारलं होतं. दोष शहराचा, बोलणारी बाई आणि वाक्य अर्धं, म्हणजे पुढचं किती सांगायचं ते तिच्या हातात. रात्री नव्या चिठ्ठ्या छापल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ, आणि बादलीवाल्या चिठ्ठीनंतर संध्याकाळपर्यंत ६१.

आपल्या भाषेत ‘चव्हाट्यावर आणणं’ म्हणजे अब्रू घालवणं. चव्हाटा तर साधा शब्द आहे, चार वाटा मिळतात ती जागा. तिथे बाईचं काही येणं हीच नाचक्की, असं आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून बाई बोलायची ती मोरीत, माजघरात, फार तर मैत्रिणीच्या कानात. तिला आडोसा लागतो. आणि आडोशाला बोललेलं आडोशालाच राहतं, ते चौकात पोचत नाही. ज्या कलावंत बायकांबद्दल मी लिहितेय त्यांनी या पेचातून वाट काढली आहे. चव्हाट्यावर उभं राहूनही आडोसा मिळेल अशी काहीतरी रचना त्या करतात. मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाचं तेच वाटतं.

आडोसा किती जपून बांधावा लागतो तेही मला त्याच व्हरांड्यानं शिकवलं. कोणीतरी दोरीचे फोटो काढून एका ग्रुपवर टाकले. संध्याकाळी एक मुलगी धावत आली. तिच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण अक्षर तिचं होतं आणि त्या ग्रुपवर तिचं अक्षर ओळखणारा माणूस होता. आम्ही चिठ्ठी लगेच काढून तिच्या हातात दिली. फोटो मात्र पुढे गेलेला होता. फोटो काढू नका अशी एक पाटी लावली असती तर हे टळलं असतं. ती पाटी लावायची आम्हाला आठवण झाली नाही, याची टोचणी अजून आहे.

त्यानंतर मी इतरांच्या दोऱ्या वेगळ्या नजरेनं पाहू लागले. १९९० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हायनिस गावात काही बायकांनी हिरवळीवर दोरी बांधून ३१ शर्ट टांगले. हिंसा सोसलेल्या बायकांनी ते शर्ट स्वतः रंगवले होते, स्वतः त्यांवर लिहिलं होतं. तो ‘क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट’ पुढे देशोदेशी गेला. कपडा माणसाच्या मापाचा असतो. वाऱ्यानं फुगला की आत कोणीतरी असल्यासारखा दिसतो. वेशभूषेच्या खोलीत रात्री एकटी असले की मला हे नेहमी जाणवतं.

यात सर्वांत मोठी दोरी कोसोव्होच्या कलावंत अल्केता जाफा म्रिपाची. कोसोव्होत १९९८-९९ च्या युद्धात अंदाजे २०,००० जणांवर बलात्कार झाले असं सांगितलं जातं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यांतल्या बहुतेक बायका गप्प होत्या. म्रिपानं देशभर फिरून स्कर्ट आणि झगे मागितले. १२ जून २०१५ रोजी राजधानी प्रिश्टिनाच्या फुटबॉल मैदानात ४५ दोऱ्यांवर ५,००० कपडे वाळत घातले गेले. फुटबॉलचं मैदान, जिथे एरवी पुरुषांचा आरडाओरडा, तिथे दिवसभर नुसते झगे हलत होते. देणाऱ्यांत अत्याचार सोसलेल्या बायका होत्या, त्यांच्या शेजारणी होत्या, आणि देशाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष अतिफेते याह्यागा यांनीही आपला कपडा दिला होता. माझं मन इथेच अडकतं. राष्ट्राध्यक्षांच्या कपड्याशेजारी जिचा झगा टांगला आहे, तिच्याकडे बोट कोण दाखवणार? पाच हजारांत तिचा एक मिसळून गेला, आणि तरीही तो भर मैदानात होता. कपडे धुतलेले, स्वच्छ होते. हे फार विचारपूर्वक केलेलं आहे.

कपड्यांचाच धागा बंगळुरूच्या जस्मीन पाथेजानंही धरला आहे. २००३ मध्ये विद्यार्थिदशेत तिनं रस्त्यावरच्या छेडछाडीविरुद्धचा ‘ब्लँक नॉइज’ हा कलाप्रकल्प सुरू केला. छेडछाड झाली तेव्हा अंगावर जे होतं ते कपडे तिनं बायकांकडून मागवले. आलेल्या कपड्यांत कुडते, सलवारी, शाळेचे गणवेश, सगळं आहे. ‘तू घातलं होतंस काय?’ या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मी पाहिलेलं नाही. त्याच कामातून पुढे बायकांनी बागेत जमून भर दिवसा नुसतं झोपायचं, असंही सुरू झालं. डोळे मिटून उघड्यावर पडणं हे एखाद्याला काहीच वाटणार नाही. ज्यांना कधी जमलेलं नाही त्यांना त्याची किंमत कळते.

लॉस एंजेलिसच्या सुझान लेसीकडे दोरी नव्हती, नकाशा होता. मे १९७७ मध्ये तिनं सिटी हॉलजवळच्या वर्दळीच्या जागी शहराचा पंचवीस फुटी नकाशा लावला. तीन आठवडे रोज पोलिसांकडे जाऊन आदल्या दिवशीच्या बलात्काराच्या तक्रारी विचारायची आणि जिथे घडलं तिथे लाल शाईचा ‘बलात्कार’ असा शिक्का मारायची. प्रत्येक ठळक शिक्क्याभोवती ती आणखी नऊ फिकट शिक्के उमटवायची. ज्यांची तक्रारच झाली नाही, त्यांच्यासाठी. शेजारी दुसरा नकाशा होता, त्यावर मदत कुठे मिळेल ते दाखवलेलं. फिकट शिक्क्यांची ही कल्पना मला हलवून टाकते. नाव नाही, पत्ता नाही, पण शाई आहे. शिक्का फिकट करायला फारसं काही करावं लागत नाही, पुन्हा शाईत न बुडवता दाबायचा.

त्याच वर्षी त्या शहरात एकामागोमाग बायकांचे खून होत होते आणि वर्तमानपत्रं त्या मेलेल्या बायकांच्या चालचलणुकीचा कीस काढत होती. १३ डिसेंबर १९७७ रोजी लेसी आणि लेस्ली लॅबोविट्झ यांनी सिटी हॉलच्या पायऱ्यांवर शोकसभा घडवली. शववाहिकेतून काळ्या वेषातल्या, चेहरा झाकलेल्या, डोक्यावरच्या साजामुळे सात फुटांच्या दिसणाऱ्या बायका उतरल्या. एकेक पुढे येऊन बोलली. वेशभूषाकार म्हणून सांगते, उंची वाढवली की माणूस व्यक्ती राहत नाही, मूर्ती होतो. रडणारी बाई टीव्हीला हवीच असते. सात फुटी, चेहरा न दिसणारी, न रडता मागण्या वाचणारी बाई मिळाली तर तिचं काय करायचं हे कॅमेऱ्यालाही ठाऊक नसतं. कॅमेरे कुठे असतील, बातमीत किती सेकंद मिळतील, याचा हिशेब करूनच त्यांनी सगळं बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आमची दोरी गेली. संस्थेतल्या एका अधिकाऱ्यानं येऊन सांगितलं, “उद्या पाहुणे यायचेत, तेवढी ही धुणी काढून घ्या.” त्यांच्या लेखी ती धुणीच होती, आणि एका अर्थी बरोबरच होतं ते. मी चिमटे न काढता दोरी तशीच गुंडाळली आणि पिशवीत भरली. व्हरांडा पुन्हा पुसायचा होता, म्हणजे परत तीच बाई, तीच बादली.

अशा वेळी मला न्यूयॉर्कची कलावंत मिअर्ल लॅडरमन युकेलीस आठवते. पहिलं मूल झाल्यावर तिचा दिवस लंगोट, भांडी आणि केर यांत जाऊ लागला. मग १९६९ मध्ये तिनं एक जाहीरनामा लिहिला, की हे जे निगा राखण्याचं काम मी रोज करते तीच माझी कला. १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॅड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरश्या तिनं गुडघ्यांवर बसून तासन्‌तास धुतल्या. पुसायला फडकी म्हणून बाळाचे लंगोट वापरले. लोक त्यावरून चालत जायचे, ती पावलांचे डाग परत पुसायची. पुढे न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात ती बिनपगारी कलावंत म्हणून गेली आणि १९७९-८० मध्ये शहरभर फिरून ८,५०० सफाई कामगारांशी हात मिळवला. प्रत्येकाला एकच वाक्य म्हणाली, न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल धन्यवाद. साडेआठ हजार वेळा, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून. स्त्रीवादी कला म्हटल्यावर या कामाचं नाव लगेच कोणी घेत नाही. माझ्या यादीत ते फार वर आहे.

काही जणींनी मात्र आडोसा घेतलाच नाही.

ग्वातेमालाची रेजिना होसे गालिंदो. १९८२-८३ मध्ये ज्याच्या राजवटीत मूळच्या माया लोकांची कत्तल झाली, त्या रिओस माँटला २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायला घटना न्यायालयानं परवानगी दिली. गालिंदो काळ्या पोशाखात, अनवाणी, हातात माणसाच्या रक्तानं भरलेलं पसरट भांडं घेऊन त्या न्यायालयापासून राष्ट्रीय राजवाड्यापर्यंत चालत गेली. थोडं चालायची, भांडं खाली ठेवायची, पाय बुडवायची, पुन्हा चालायची. मागे रक्ताची पावलं उमटत गेली. घोषणा नाही, फलक नाही. राजवाड्यासमोर पोलिसांची रांग होती, तिच्यासमोर तिनं शेवटची दोन पावलं उमटवली. तो माणूस निवडणूक हरला. २०१३ मध्ये वंशसंहाराबद्दल त्याला शिक्षाही झाली आणि काही दिवसांतच तो निकाल रद्द झाला. पावलं कोण पुसणार, असा प्रश्न त्या कामाच्या नावातच होता.

आणि काबूलची कुब्रा खादेमी. लहानपणी रस्त्यात तिच्या अंगाला कोणीतरी हात लावला, तेव्हा आपले आतले कपडे लोखंडाचे असते तर, असं तिच्या मनात आलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिनं लोहाराकडून छातीचं आणि पार्श्वभागाचं चिलखत घडवून घेतलं आणि कपड्यांवरून ते चढवून काबूलच्या गजबजलेल्या रस्त्यावर निघाली. दहा मिनिटं चालायचं ठरलं होतं. आठव्या मिनिटाला गाडीत शिरावं लागलं, मागे जमाव लागला होता. धमक्या आल्या, लपावं लागलं आणि शेवटी देश सोडून फ्रान्सला जावं लागलं.

या दोघींपुढे मी हात जोडते. पण असं काही कर, हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकणार नाही. आठ मिनिटांसाठी देश सोडावा लागणं ही किंमत कोणी कोणाकडून मागायची नसते. म्हणून मी परत परत त्या कामांकडे वळते, जी दुसऱ्या बाईला उचलून पुढे नेता येतात आणि जिथे तिला चारजणींच्या मागे उभं राहायची सोय असते.

चिलीच्या वाल्पाराईसो शहरातल्या ‘लास तेसिस’ या चौघींनी तसंच केलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी एक छोटं समूहनृत्य रस्त्यावर आणलं. बायका ओळीत उभ्या, डोळ्यांवर काळी पट्टी, ताल सोपा, शब्द थेट. दोष त्या बाईचा, तिच्या कपड्यांचा किंवा ती कुठे होती याचा नाही, आणि पोलीस, न्यायाधीश, सरकार हेही या हिंसेत सामील आहेत, असा त्याचा आशय. मध्येच सगळ्या उकिडव्या बसतात, कारण ताब्यात घेतलेल्या बायकांना पोलीस विवस्त्र करून तशाच उठाबशा काढायला लावत. काही दिवसांत हे देशोदेशींच्या चौकांत झालं, स्थानिक बायकांनी शब्द आपल्या भाषेत बसवून. डिसेंबरच्या सुरुवातीला सान्तियागोच्या राष्ट्रीय मैदानाबाहेर हजारो वयस्कर बायका जमल्या. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्याच मैदानात लोकांना डांबून छळलं होतं. त्या गर्दीतल्या पिकल्या केसांच्या, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बायका पाहताना मला रडू आवरलं नव्हतं. मला नाच येत नाही, पण तो नाच मलाही येईल. ज्यांनी बसवला त्यांनी तो येईल असाच बसवला आहे.

मायेरची दोरीही अशीच हातोहात गेली. आता मेक्सिकोत महिला दिनाच्या सुमारास विद्यापीठांतून, शाळांतून मुली दोऱ्या बांधतात, आणि त्यांतल्या काही दोऱ्यांवर त्रास देणाऱ्यांची नावं असतात. यावर तिथे मोठा वाद आहे. माझं मत विचाराल तर नावं टांगण्याची वेळ येते कारण तक्रारीची खिडकी बंद असते. तरीही मी स्वतः नावांची दोरी बांधणार नाही. एकदा कोणाचं अक्षर ओळखलं गेलेलं मी पाहिलं आहे. नाव टांगणारीवर त्याहून जास्त काय येईल हे मला चांगलं कळतं, आणि ते झेलायची ताकद माझ्या दोन खांबांत नाही.

दुसऱ्यांदा आम्ही दोरी बांधली ती एका नाट्यगृहाच्या आवारात. या वेळी पाटी होती, ‘फोटो काढू नका’. ज्यांना अक्षराची भीती वाटते त्यांच्यासाठी आमच्यातली एक जण लिहून द्यायला बसली होती. जुन्या ६१ पैकी एकच चिठ्ठी लावायची असं मी ठरवलं होतं, ती बादलीची, म्हणून आधी त्या संस्थेत जाऊन त्या बाईला विचारून आले. ती जिना पुसत होती. म्हणाली, “लावा की. नाव नाही ना त्यावर?” नाही म्हटलं. “मग लावा.” जिन्यातला दिवा अजून बंदच होता.

सकाळी पहिल्या चिमट्याला तीच चिठ्ठी लावली, वर घातलेल्या ‘रिकामी’सकट. तासाभरानं पाहिलं तर कोणीतरी शेजारचा मोकळा चिमटा सोडून तिच्याच चिमट्यात आपली चिठ्ठी खुपसली होती, ‘मी किल्ल्यांचा जुडगा वाजवत जाते.’ त्यामागे आणखी एक आली, ‘मी फोन बंद असला तरी कानाला लावून मोठ्यानं बोलते, हो हो आलेच, खाली उभी आहे.’ मग, ‘मी खोकते.’ मग एक फक्त दोन शब्दांची, ‘चपला वाजवते.’ दुपारपर्यंत त्या एका चिमट्यात अकरा चिठ्ठ्या झाल्या. लाकडी चिमटा तेवढ्या धरेना, सारखा निसटायला लागला. तेव्हा मी वेशभूषेच्या पेटीतला जाड लोखंडी चिमटा काढला, जड शालूंसाठी ठेवलेला, आणि तो लावला.